रिकामी म्हणून दिलेली कॅसेट

मी दुकानदार माणूस. अस्तराचं कापड उजेडात धरून, एक कोपरा ओला करून, कडेचा धागा ओढून बघितल्याशिवाय मी गठ्ठा उतरवून घेत नाही. समोरचा ‘विश्वास ठेवा हो’ म्हणाला की मी आणखी एक धागा ओढतो. भूत, अंगात येणं, स्वप्नात येऊन सांगणं... या सगळ्याला माझं एकच उत्तर असायचं — ‘माल दाखवा.’ तुमच्या सदरातले अनुभव बायको मोठ्याने वाचते आणि मी जेवता जेवता त्यांत चुका काढतो. तेव्हा आता मीच लिहायला बसलोय, याचं सगळ्यांत जास्त हसू तिला येतंय.

आधी एक सांगून ठेवतो. आमची मराठी मैसूरची. आमचे पूर्वज कापड रंगवायचे, छापायचे. ते काम कधीच सुटलं, भाषा तेवढी घरात राहिली. मध्येच कन्नड येईल, चालवून घ्या. रागावलो की माझ्या तोंडी कन्नडच येते, आणि मी बऱ्याचदा रागावतो.

देवराज मोहल्ल्यात माझं अस्तर, फॉल आणि बटणांचं दुकान आहे. सुरुवात सायकलच्या कॅरिअरवर फॉलची बंडलं बांधून शिंप्यांच्या दारोदार फिरून केली. कोणी हात दिला नाही. जे उभं केलं ते घासाघीस करून उभं केलं. आणि याच घासाघिशीवरून माझ्या सख्ख्या बहिणीने सत्तावीस वर्षं मला टोमणे मारले.

अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. कुवेंपुनगरात राहते, भावोजी बँकेतून रिटायर झालेत. नात्यातलं कोणतंही कार्य असो, चार बायका जमल्या की ती माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल असं म्हणायची, “कॅसेटचे चार पैसे वाचवायला आमच्या रघ्यानं आईला पुसून टाकली.”

ते असं झालं. अक्काचा मुलगा किरण, त्याच्या बारशाला भावोजींच्या ओळखीच्या कोणीतरी व्हिडिओ कॅमेरा आणला होता. आईने पाळणा म्हटला. शेवटी कॅमेऱ्याकडे हात हलवून “पुरे, बंद करा ते” म्हणाली. त्यानंतर वर्षभरात आई गेली. तिचे फोटो आहेत, पण ती चालते आहे, बोलते आहे, असं तेवढंच. एकच कॅसेट. ती आमच्या घरी होती, कारण टेप चालवायचं मशीन आमच्या शेजाऱ्यांकडे होतं.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. व्हिडिओवाल्याशी मी सौदा केला — कॅसेट माझी, शूटिंग तुझं. लग्नाच्या दिवशी सकाळी कपाटातून एक कॅसेट काढून त्याला दिली. त्याने ती कॅमेऱ्यात घातली, खांद्यावर घेऊन चालू केली आणि म्हणाला, “सार, कॅसेटवर लेबल होतं वाटतं, गोंदाचा डाग होता. आत काही आहे का?” मी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, “अक्का, ही कॅसेट रिकामी आहे ना?” आतून उत्तर आलं, “हो, रिकामीच आहे, घे.” मी घेतली.

किरणच्या वाढदिवसाला अक्काने बारशाची कॅसेट बघायला मागितली, ती मधूनच सुरू झाली, आणि पडद्यावर मी आलो. मुंडावळ्या बांधलेला. अक्काने तिथेच मशीन बंद केलं.

मी म्हटलं, तूच हो म्हणालीस. ती म्हणाली, मी घरातच नव्हते, त्या खोलीत कोणीच नव्हतं. मी म्हटलं, माझे कान शाबूत आहेत. ती म्हणाली, देवासमोर खोटं बोलतोस. मग मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते कन्नडमध्ये होतं.

पुढे आमची सुमा जन्मली. तिच्या बारशाला कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायला आत्या हवी होती. अक्का आली नाही. बायकोच्या मैत्रिणीने नाव सांगितलं. ते मी मनात धरून ठेवलं. तिने मला चोर ठरवलं, वर माझ्या मुलीच्या कानाशी यायलाही नकार दिला... चूक नसताना मी का वाकायचं? आम्ही एका गावात, अर्ध्या तासाच्या अंतरावर, दोन परक्या माणसांसारखे राहिलो. ती लग्नाची कॅसेट मात्र परत कोणी लावली नाही. माझ्या बायकोने आपलं लग्न कधी धड पाहिलंच नाही. त्या कॅसेटचं नाव काढलं की घरात भांडण व्हायचं.

गेल्या वर्षी सुमाचं लग्न ठरलं.

तिने मला समोर बसवून सांगितलं, “पप्पा, बारशाला आत्या नव्हती, ते मला आठवत नाही. लग्नाला नसली तर आयुष्यभर आठवेल.”

मी पत्रिका पाठवली. उत्तर भावोजींकडून फोनवर आलं. ते बिचारे चाचरत म्हणाले, “रघुनाथ, ती म्हणते, एकदा चूक झाली म्हण. एवढंच. ती येईल.”

“माझी चूक असती तर पायरीवर येऊन म्हटलं असतं,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बायको म्हणाली, “अहो, एक शब्द तर आहे. टाका म्हणून.”

“शब्दाचा प्रश्न नाही. खोटं बोललो असं कबूल करायचं का?”

“मग असं म्हणा की चुकून झालं.”

“ती हो म्हणाली होती, निर्मला!”

आणि ओरडता ओरडताच मला सुचलं. कॅमेरा तेव्हा चालू होता! लेबलचं विचारलं तेव्हा खांद्यावरचा लाल दिवा मी बघितलेला आठवत होता. म्हणजे माझा प्रश्न त्या टेपवर असणार, आणि अक्काचं उत्तरही. सत्तावीस वर्षं पुरावा माझ्याच कपाटात पडून होता. मी मनात म्हटलं, आता माल दाखवतो.

आमच्याकडे टेप चालवायचं मशीन कुठलं असणार? दोन-चार फोटो स्टुडिओत विचारलं तर पोरं माझ्याकडे मी ताम्रपट घेऊन आल्यासारखी बघत होती. शेवटी एकाने मेटगळ्ळीचा पत्ता दिला. तिथे एका वर्कशॉपच्या मागच्या खोलीत चंद्रू नावाचा माझ्याच वयाचा माणूस जुने टीव्ही दुरुस्त करतो आणि जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतो. भंगारातली सहा मशिनं जोडून त्याने दोन चालती केली होती. आमचं बोलणं कन्नडमध्ये झालं, मी मराठीत देतो.

“तीन तासांची कॅसेट, स्वामी. तीन तास चालणार. यात घाई नाही.”

“मला पहिली दहा मिनिटंच हवीत. बाकीचं बायकोला हवं, ते सावकाश करा. दहा मिनिटांचा भाव सांगा.”

“हे काय कापड आहे मीटरवर कापून द्यायला?”

“कापड कापायला निदान कात्री चालवावी लागते. तुम्ही तर नुसतं बटण दाबणार.”

त्याने कॅसेटचं झाकण उघडलं आणि दिव्याखाली धरली. टेपच्या कडेला पिठासारखी पांढरी बुरशी होती. “ही हाताने पुसायला माझे दोन दिवस जातील. तशीच चालवली तर टेपही जाईल आणि माझं मशीनही. मग बटण तुम्हीच दाबा.”

माल ओळखणाऱ्याचं मी ऐकतो.

एवढंच म्हटलं, “मी समोर बसणार. माझ्या नजरेआड काही करायचं नाही.”

“बसा की. स्टूल आहे,” तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी त्या स्टुलावर बसलो. बाहेर लेथ मशीन चालू होतं, ते त्याने शेजाऱ्याला सांगून थोडा वेळ बंद करवलं. कॅसेट आत गेली. पडद्यावर आधी नुसत्या मुंग्या. मग आडवे पट्टे, मग एकदम आमची जुनी पुढची खोली! ते भाड्याचं घर आता पाडून तिथे दुकानं झालीत. भिंतीचा पोपटी रंग, कोपऱ्यातला माझा सायकलचा पंप... मी कशाला आलोय हे क्षणभर विसरलोच.

व्हिडिओवाला उजेड तपासत होता. कॅमेरा खोलीभर एक फेरी फिरला. आतल्या खोलीचं दार दिसलं — बंद. उंबऱ्यापुढे रांगोळी, दोन्ही बाजूंना पणत्या. मग कॅमेरा वळला आणि रस्त्याच्या दारावर थांबला. दारातून गल्ली दिसत होती. फ्रेमच्या कडेला माझा अर्धा खांदा. आवाज आला, “सार, कॅसेटवर लेबल होतं वाटतं...”

मी स्टुलावरून उठलो.

माझा आवाज, तरुण, चिडका: “अक्का, ही कॅसेट रिकामी आहे ना?”

आणि त्याच वेळी पडद्यावर, गल्लीत, एक रिक्षा येऊन थांबली. तिच्यातून अक्का उतरली. दोन्ही हातांत फुलांच्या करंड्या, आणि रिक्षावाल्याला द्यायची नोट दातांत धरलेली.

मग आतल्या खोलीतून आवाज आला. जरा लांबून, दाराआडून यावा तसा, पण स्पष्ट. घाई नसलेला.

“हो रे पुट्टा, रिकामीच आहे. घे तू.”

लगेच व्हिडिओवाला, जवळून: “अम्मा हेळिद्रल्ला, सरी.” बाईंनी सांगितलं ना, झालं मग. आणि गल्लीतली अक्का अजून नोट दातांत धरून रिक्षावाल्याकडे मान करत होती, ‘घे ही’ म्हणून.

मी चंद्रूला म्हटलं, “मागे घ्या.”

त्याने घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घेतलं. मग मी परत स्टुलावर बसलो.

‘पुट्टा’ म्हणजे कन्नडमध्ये छोटा, लाडका. मला या जगात पुट्टा म्हणणारं एकच माणूस होतं. अक्का मला रघ्या म्हणते, बाबा रघू म्हणायचे. लग्नाच्या गडबडीत तो शब्द माझ्या कानावरून गेला होता. आणि ते बोलणं... ते मी लहानपणी रोज ऐकलंय. घरात खाणारी तोंडं चार आणि शेवटी भाकरी एक, अशी वेळ आमच्याकडे नेहमी यायची. मी विचारायचो, “आई, तुझं झालं?” ती म्हणायची, “हो रे पुट्टा, झालं माझं. घे तू.” मी घ्यायचो. तिचं झालेलं नसायचं, हे मला खूप मोठेपणी कळलं. मी आयुष्यात ज्या एका माणसाशी कधी घासाघीस केली नाही ती आई, कारण तिच्याकडे काही मागायच्या आधीच ती द्यायची.

त्या दिवशी आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

मग ते दार. ते बंद का होतं हे मला आत्ता, त्या स्टुलावर बसून आठवलं. आमच्यात घरातली सवाष्ण बाई नवऱ्याआधी गेली असेल, तर घरच्या लग्नाच्या दिवशी पहाटे तिला बोलावतात. आतल्या खोलीत पाट मांडून त्यावर तिच्या नावाची नवी साडी, खण, बांगड्या, विडा, फुलं ठेवतात, पान वाढतात. घरातला एक जण ‘कार्य आहे, ये’ म्हणतो. मग सगळे बाहेर येतात आणि दार ओढून घेतात. लग्न लागून पहिली पंगत उठेपर्यंत ते दार उघडायचं नाही, आत पाऊल टाकायचं नाही. माझ्या लग्नाच्या पहाटे हे सगळं बाबांनी आणि अक्काने केलं होतं. मी तेव्हा मंडपात आचाऱ्याशी भांडत होतो. घरी आलो तो मुंडावळ्या बांधून निघण्याच्या गडबडीत, आणि आतल्या खोलीत अक्काच असणार असं धरून ओरडलो.

त्या खोलीला दुसरं दार नव्हतं. खिडकी म्हणजे वर हातभर झरोका. बाबा मंडपात होते, शेजारच्या काकूही तिकडेच. आत कोणी असणं शक्य नव्हतं. आणि ज्या एका बाईवर मी सत्तावीस वर्षं आरोप केला ती पडद्यावर समोर, रस्त्यावर, नोट दातांत धरून उभी होती.

चंद्रूने हळूच विचारलं, “आत कोण होत्या? तुमच्या आई?” त्याला मराठी येत नाही. बोलण्याच्या ढंगावरून त्याने ओळखलं.

मी सांगितलं, आईच, पण ती तेव्हा जिवंत नव्हती. त्याने माऊसवरचा हात उचलला.

मग तो कारागिरासारखा विचार करायला लागला. म्हणाला, कधी कधी जुन्या टेपवर नवीन भरताना खालचा आवाज नीट पुसला जात नाही, नव्याच्या खाली जुना पुसट ऐकू येतो. यात आधी आईंचं काही होतं का? मी म्हटलं, होतं. त्याचा चेहरा उजळला. “मग तेच.”

मलाही दोन मिनिटं बरं वाटलं. पण मी धागा ओढणारा माणूस. म्हटलं, “खालचा आवाज टेपवर राहील. त्या दिवशी खोलीत कसा येईल? मी तो माझ्या कानांनी ऐकला. त्यावर तर सत्तावीस वर्षं भांडलो! आणि त्या व्हिडिओवाल्यानेही ऐकला, उत्तर दिलं त्याला.”

चंद्रू उठून गेला आणि दोन चहा घेऊन आला. बाकीची टेप आम्ही पूर्ण पाहिली. माझं लग्न, निर्मला केवढीशी, बाबा हसताना... दुपारचे अडीच वाजले.

आता खरी गोष्ट सांगतो. ती सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. पेनड्राइव्ह खिशात घालून कुवेंपुनगरच्या रिक्षात बसलो, आणि रामस्वामी सर्कल यायच्या आत माझ्यातला दुकानदार जागा झाला. आई आणि अक्का, दोघींचे आवाज सारखे. फोनवर बाबासुद्धा फसायचे. चंद्रूने नुसत्या आवाजाची वेगळी फाइलही करून दिली होती. तेवढीच ऐकवली तर? ‘ऐक, तूच हो म्हणाली होतीस की नाही?’ भावोजी ऐकतील, किरण ऐकेल, चार बायका ऐकतील. सत्तावीस वर्षांचा सौदा मी एका मिनिटात जिंकला असता. चित्र घरच्यांत मी एकट्यानेच पाहिलं होतं. चंद्रू काही साक्ष द्यायला येणार नव्हता.

अक्काच्या घरासमोर रिक्षा थांबली तरी माझं ठरलं नव्हतं.

तिने दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. नात्यातल्या कार्यांत तिला लांबून पाहिलं होतं, पण इतक्या जवळून बघून वर्षं झाली होती.

“काय रे, रस्ता चुकलास?”

“भांडायला आलोय.”

“मग चपला काढून आत ये. तुझं भांडण लवकर संपत नाही.”

भावोजी टीव्ही बंद करून उभे राहिले, कोणाच्या बाजूने बोलायचं हे न कळल्यासारखे. त्यांनी लॅपटॉप आणला. फाइल दोन होत्या. माझं बोट आवाजाच्या फाइलवर होतं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात अक्काने आतून पाणी आणून ठेवलं आणि सवयीने म्हणाली, “जेवलास का? भात आहे, घे.”

“तुमचं झालं?”

“आमचं झालं रे कधीच.”

पाण्याचं भांडं माझ्या हातात तसंच राहिलं. मग मी दुसरी फाइल लावली. चित्राची.

लावण्याआधी एकच सांगितलं, “अक्का, तू त्या दिवशी घरात नव्हतीस. तुझं खरं होतं.”

ती काहीतरी तिखट बोलणार होती, पण पडद्यावर पोपटी भिंत आली आणि ती थांबली. रिक्षा आली, ती उतरली. तिने स्वतःकडे पाहिलं आणि म्हणाली, “अय्यो, नोट दातांत!” आणि मग तो आवाज आला.

अक्काने डोळे मिटले.

“परत लाव,” ती म्हणाली. मी लावलं. “परत.” पाच-सहा वेळा लावलं. तिने डोळे उघडलेच नाहीत. भावोजी चष्मा पुसत होते.

“बारशाच्या कॅसेटमध्ये हे होतं का?” मी विचारलं. “चंद्रू म्हणतो, खालचं राहिलं असेल.”

“ती कॅसेट मी किती वेळा पाहिली असेल! पाठ आहे मला. पाळणा, आणि शेवटी ‘पुरे, बंद करा ते’. तुझं नाव सुद्धा नाही तिच्यात. तू त्या दिवशी उशिरा आला होतास.” ते खरं होतं.

मग ती म्हणाली, “रघ्या, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, त्या खोलीत कोणी नव्हतं म्हणून. ऐकून घेतलंस?”

“मी कोणीतरी हो म्हणालं म्हणून सांगत होतो. तू ऐकून घेतलंस?”

“नाही.”

“मग झालं तर.”

ती रडत होती आणि मध्येच हसायला लागली. “तुला कधी नाही म्हणालीये का ती? लग्नाला ये म्हणून आम्ही बोलावली, येऊन बसली आणि पहिलं काम काय केलं, तर स्वतःची कॅसेट लेकाला देऊन टाकली. ‘रिकामीच आहे’ म्हणे!”

मी आजवर पुष्कळ सौदे केले. दोघांचंही खरं निघालं असा हा एकच.

मग अक्का आत गेली आणि कपाटाच्या अगदी तळातून एक साडी घेऊन आली. कागदात गुंडाळलेली, घडीही न मोडलेली. हिरवी, लाल काठाची. माझ्या लग्नाच्या दिवशी त्या पाटावर ठेवलेली, आईच्या नावाची. ती नंतर घरच्या लेकीला देतात. “रागाने कधी नेसले नाही,” ती म्हणाली. “आणि रागातसुद्धा कोणाला देऊन टाकवली नाही. सुमाच्या लग्नाला नेसते. काठ विटलाय का रे? तुला कळतं त्यातलं.”

मी काठ उजेडात धरला. सवयीने धागा ओढायला गेलो आणि सोडून दिला. “पहिल्या नंबरचा माल आहे,” म्हटलं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तो व्हिडिओवाला कधीच मैसूर सोडून गेला. बरीच विचारपूस केली, पत्ता लागला नाही. किरणने त्याच्या ऑफिसातल्या एका साउंडच्या जाणकाराला ती फाइल ऐकवली. तो म्हणाला, तिन्ही आवाज एकाच जागी, एकाच वेळी बोललेले वाटतात. अजूनही भुतांवर माझा विश्वास नाही. भूत म्हणजे काय ते मला माहीत नाही. माझी आई काय होती ते माहीत आहे. फाइल माझ्या फोनमध्ये आहे, कोणाला वाटलं तर दुकानात येऊन ऐकावी. एवढंच सांगतो, मी ती विकत नाही आणि कोणाला पटवतही नाही.

सुमाचं लग्न झालं. पहाटे आम्ही पाट मांडला. या वेळी मी आचाऱ्याशी भांडायला गेलो नाही. नवी साडी, खण, बांगड्या, पान. ‘कार्य आहे, ये’ हे मीच म्हणालो. अक्कानेही माझ्याबरोबर म्हटलं. आम्ही दार ओढून घेतलं. अक्का हिरव्या साडीत, डांबरगोळ्यांचा वास येत होता. सुमा म्हणाली, “आत्या, कानात काहीतरी राहिलंय म्हणे तुझं?” अक्काने चोवीस वर्षांच्या घोडीच्या कानाशी तोंड नेऊन “कुर्रर्र” केलं, आणि सगळ्या बायका हसल्या.

इतक्यात व्हिडिओवाला आला. त्या बंद दाराच्या अगदी समोर उभा राहून कॅमेऱ्याचं झाकण उघडत मोठ्याने विचारायला लागला, “अंकल, कार्ड भरलंय. मागच्या कोणाच्या तरी घरचं आहे, कॉपी केलंय बहुतेक. डिलीट करून टाकू का?”

मी आणि अक्का दोघं एकदम, आतून काही उत्तर यायच्या आधी, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडलो, “नको!”

नवीन कार्ड आणायला मी स्वतः गेलो, सोवळ्यासकट. दुकानदाराने सांगितली ती किंमत दिली आणि परत आलो. निर्मला म्हणते, तुमच्या त्या सदरात लिहायचंच असेल तर हे लिहा, आवाजाचं एक वेळ कोणीतरी स्पष्टीकरण देईल, याचं कोणाला देता येणार नाही.